हिवाळ्यातली झाडतोड आणि पॉयझन आयव्ही : पाने नसताना ही वेल ओळखायची कशी?

परसदार (मध्य न्यू जर्सी)

नमस्कार. अमेरिकेच्या पूर्व भागात राहणाऱ्या आणि घरामागची झाडे स्वतः छाटणाऱ्या मराठी मंडळींसाठी हा धागा काढत आहे. मला जे भोगावे लागले ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढाच हेतू आहे.

आमच्या घरामागे ॲशची तीन झाडे होती. एमराल्ड ॲश बोरर हा हिरवा भुंगेरा २००२ साली मिशिगनमध्ये प्रथम सापडला आणि २०१४ साली न्यू जर्सीत आढळला. त्याच्या अळ्या सालीखाली पोखरत जातात आणि झाड शेंड्याकडून वाळत खाली येते. आमची तिन्ही झाडे अशीच गेली. त्यांतले सर्वांत लहान झाड जानेवारीतल्या एका कोरड्या शनिवारी मी स्वतः पाडायला घेतले. पाने गळलेली असतात, फांद्यांचा सांगाडा स्वच्छ दिसतो, जमीन कडक असते आणि डास नसतात, म्हणून झाडांची कामे हिवाळ्यात उरकावीत असे इथे सगळे सांगतात, आणि ते खरेही आहे.

त्या बुंध्यावर मनगटाएवढी जाड वेल चढलेली होती. तिच्या अंगावर तांबूस-काळपट केसाळ मुळ्या इतक्या दाट होत्या की काथ्याचा जुना सुंभ कोणी बुंध्याला चिकटवून ठेवला आहे असे वाटावे. पान एकही नव्हते. वेल मेलेली आहे असे समजून मी कातडी हातमोजे घालून ती हाताने ओढून काढली आणि जेवढी निघाली नाही तेवढी चेनसॉने बुंध्याबरोबरच कापली. भुसा बाह्यांवर आणि गळपट्ट्यावर उडाला. मध्येच घाम आला तेव्हा हातमोजा न काढता मी कपाळ पुसले.

सोमवारी सकाळी दोन्ही मनगटांवर, हातमोजा संपतो आणि बाही सुरू होते त्या दोन बोटांच्या पट्टीत, लाल चट्टे उठले होते. संध्याकाळपर्यंत त्यांवर पाण्याने भरलेले बारीक फोड आले, मंगळवारी उजवी पापणी सुजून डोळा मिटला आणि मानेवर फोडांची एक सरळ रेघ उमटली. जवळच्या एका दवाखान्यात ती रेघ पाहून नागीण असल्याचे सांगण्यात आले. जानेवारी महिना होता, बाहेर बर्फ होते, त्यामुळे अंगाला लागल्यास पुरळ उठवणाऱ्या पॉयझन आयव्ही या वेलीचे नाव ना त्यांच्या मनात आले ना माझ्या. खरे निदान चार दिवसांनी झाले.

त्या शनिवारनंतर दहा दिवसांनी माझ्या पत्नीच्या डाव्या हातावर तसेच फोड उठले. तिने झाडाला हातही लावला नव्हता. माझे जाकीट मात्र त्या शनिवारी तिने हातावर टाकून आत आणले होते आणि खुंटीला अडकवले होते. मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटते ते हेच. उन्हाळ्यात काम केल्यावर आपण घामाचे कपडे लगेच धुवायला टाकतो. हिवाळ्याचे जाकीट, टोपी, गळपट्टा आणि हातमोजे मोसमभर न धुता वापरले जातात आणि त्यांवर बसलेले या वेलीचे तेल घरात येऊन राहते. शिवाय 'तीन पाने दिसली की दूर राहा' ही एकच खूण आपल्याला ठाऊक असते आणि हिवाळ्यात नेमकी तीच नाहीशी होते. म्हणून थंडीत धोका कमी होतो ही समजूत मला आता फार घातक वाटते.

मेपलखाली (ओहायो)

आपल्याला आणि वहिनींना लवकर आराम पडो. आमच्या मागच्या मेपलवरही एक वेल आहे. उन्हाळ्यात तिला पाच-पाच पाने येत असल्याचे अंधुक आठवते, पण खात्री नाही. मार्चच्या आधी खालच्या फांद्या छाटायच्या आहेत. पाने नसताना नुसत्या खोडावरून फरक कळतो का? आणि पाने गळल्यावर विष मुळांत उतरत नाही का?

परसदार (मध्य न्यू जर्सी)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण माझीही नेमकी तीच चूक झाली. विष कुठेही उतरत नाही. उरुशिऑल नावाचे हे तेल पानांत, खोडात, मुळांत आणि फळांत बाराही महिने असते. वेल मेली तरी ते अनेक वर्षे टिकते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे.

आता ओळख. माझ्यावर प्रसंग गुदरल्यानंतर मी परिसरातल्या बऱ्याच झाडांचे बुंधे जवळून, अर्थात हात न लावता, पाहिले. पॉयझन आयव्हीची जुनी वेल बुंध्याला घट्ट चिकटून सरळ वर जाते आणि तिच्या दोन्ही अंगांनी केसांसारख्या बारीक मुळ्यांची दाट झालर असते. या मुळ्या सालीच्या भेगांत शिरलेल्या असतात. वर गेल्यावर मुख्य वेलीपासून आडव्या फांद्या बाहेर झेपावतात आणि त्या झाडाच्याच फांद्या आहेत असा भास होतो. खाली उभे राहून फांदी छाटणारा माणूस इथेच फसतो. कोवळ्या डहाळीच्या टोकाची कळी उघडी, तपकिरी आणि मखमली लव असलेली असते. इतर अनेक झाडांच्या कळ्यांवर जशी खवल्यांची टोपी असते तशी तिच्यावर नसते. कळ्या आणि गळलेल्या पानांच्या खुणा समोरासमोर नसून आळीपाळीने असतात. मादी वेल असेल तर वाटाण्याहून लहान अशा पांढरट फळांचे घोस हिवाळ्यातही टिकून राहतात. नर वेलीला फळे येत नाहीत, त्यामुळे फळे दिसली नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नये.

आपली वेल पाच पानांची असेल तर ती बहुधा व्हर्जिनिया क्रीपर असावी. ती तणाव्यांच्या टोकांना असलेल्या चिकट चकत्यांच्या आधाराने चढते आणि तिची फळे गर्द निळी असतात. रानद्राक्षाची साल लांब पट्ट्यांनी सुटून लोंबत असते आणि ती वेल बुंध्याला न चिकटता बरेचदा मोकळी लटकते. इंग्लिश आयव्हीलाही मुळ्या असतात, परंतु तिची पाने हिवाळ्यात हिरवी राहतात. ट्रम्पेट व्हाइनने मात्र मला दोनदा चकवले. तिच्याही मुळ्या बुंध्याला धरतात, पण त्या सलग झालरीसारख्या नसून पेरांपाशी झुबक्यांनी असतात आणि तिच्या कळ्या समोरासमोर येतात. एकाच बुंध्यावर दोन-तीन जातींच्या वेली गुंतलेल्या असणे अगदी नेहमीचे आहे, तेव्हा एक वेल निरुपद्रवी निघाली तरी बुंध्याला पूर्ण प्रदक्षिणा घातल्याशिवाय करवत सुरू करू नये.

त्वचावैद्य (पिट्सबर्ग)

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. इथे लिहिलेले आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नये, परंतु काही गोष्टी नीट समजून घेतल्यास बराच त्रास वाचतो.

उरुशिऑल हे जाळणारे आम्ल नाही. ते त्वचेत शिरून तिथल्या प्रथिनांना चिकटते आणि आपल्याच प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी त्या जागेवर हल्ला चढवतात. ही विलंबाने होणारी ॲलर्जी आहे. पूर्वी कधी हा त्रास झालेल्या व्यक्तीला साधारण १२ ते ४८ तासांत पुरळ उठते, तर पहिल्यांदाच संपर्क आलेल्या व्यक्तीला दोन-तीन आठवडेही लागू शकतात. परसदार यांना दोन दिवसांत आणि त्यांच्या पत्नीला दहा दिवसांनी पुरळ उठणे या हिशेबात बसते. परसदार यांना पूर्वी कधीतरी, बहुधा न कळत, संपर्क आलेला असणार. मात्रा किती लागते, तर अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने, म्हणजे नायॉशने, दिलेल्या माहितीनुसार ५० मायक्रोग्रॅम शुद्ध उरुशिऑल लागले तर ८० ते ९० टक्के प्रौढांना पुरळ उठते, आणि हे वजन मिठाच्या एका कणापेक्षा कमी आहे.

फोडांतली लस लागून पुरळ पसरते हा समज चुकीचा आहे. त्या पाण्यात उरुशिऑल नसते. एका जागी आज आणि दुसऱ्या जागी परवा चट्टे उठतात याचे कारण त्वचेची जाडी आणि लागलेल्या तेलाचे प्रमाण जागोजागी वेगळे असते. रोज नवे चट्टे उठतच राहिले तर मात्र हातमोजे, बुटांच्या नाड्या, गाडीचे स्टिअरिंग किंवा फोनचे कव्हर यांवर तेल राहिले आहे का ते शोधावे.

धुण्याबद्दल. पहिल्या दहा मिनिटांत धुतले तर सर्वांत अधिक फायदा होतो आणि त्यानंतर तो झपाट्याने घटत जातो. तरीही उशिरा का होईना, धुवावेच. भांडी घासण्याचा तेल काढणारा साबण, भरपूर पाणी आणि फडक्याने घासणे हे तिन्ही हवे; स्पिरिट वापरल्यास त्यामागून भरपूर पाणी ओतावे. साबणाचा फेस अंगावर वाळू देऊ नये, कारण मग तेल निघून न जाता फक्त पसरते. नखांखाली ब्रशने घासावे. हिवाळ्यात बाहेरचा नळ बंद केलेला असतो आणि माणूस 'काम संपले की एकदमच आंघोळ करू' असे ठरवतो. पहिली दहा मिनिटे तिथेच निघून जातात. कामाच्या जागी कोमट पाण्याचा एक मोठा कॅन नेऊन ठेवावा.

उपचारांत थंड पाण्याच्या घड्या, कॅलामाइन आणि स्टिरॉइडचे मलम एवढ्यावर बहुतेकांचे भागते आणि एक ते तीन आठवड्यांत त्वचा पूर्ववत होते. चेहरा, डोळे, जननेंद्रिये किंवा शरीराचा मोठा भाग यांवर पुरळ असेल तर पोटात घ्यायच्या स्टिरॉइडच्या गोळ्या लागतात, आणि त्या सहसा दोन ते तीन आठवडे मात्रा हळूहळू उतरवत द्याव्या लागतात. पाच-सहा दिवसांत गोळ्या थांबल्या की पुरळ पुन्हा उसळलेले मी अनेकदा पाहिले आहे, तेव्हा असे झाले तर डॉक्टरांना अवश्य कळवावे. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर वाट पाहू नये, तडक इमर्जन्सीत जावे.

राजापूरकरीण

मी कोकणातून लिहिते आहे आणि ही वेल मी कधी पाहिलेली नाही. पण वर्णन वाचून प्रथम बिब्बा डोळ्यांसमोर आला. आमच्याकडे बिब्ब्याचे तेल लागून अंगावर फोड येतात त्याला 'बिब्बा उतला' असेच म्हणतात. ओल्या काजूगरांच्या दिवसांत बिया सोलणाऱ्या बायकांच्या बोटांची सालडी निघतात. त्या हातांना आधी खोबरेल चोळतात, राख लावतात, तरीही काजूचा चीक भाजतोच. आंब्याच्या डेखातला चीक ओठांच्या कडेला लागून तोंड उतलेली मुले तर दर वैशाखात दिसतात. या सगळ्यांचा आणि त्या वेलीचा काही संबंध आहे का?

त्वचावैद्य (पिट्सबर्ग)

संबंध थेट आहे. आंबा, काजू, बिब्बा आणि पॉयझन आयव्ही ही सगळी ॲनाकार्डिएसी या एकाच कुळातली आहेत. बिब्ब्यातले भिलावानॉल, काजूच्या टरफलातल्या तेलाचे घटक आणि आंब्याच्या सालीतले व चिकातले पदार्थ यांची रचना उरुशिऑलशी मिळतीजुळती आहे. म्हणून यांपैकी एकाची ॲलर्जी झालेल्या माणसाची त्वचा दुसऱ्यालाही प्रतिसाद देऊ शकते. उरुशिऑल हे नावच जपानी भाषेत लाखेच्या रोगणाला असलेल्या 'उरुशी' या शब्दावरून आले आहे, आणि ते रोगणही याच गणातल्या झाडाच्या चिकापासून होते.

माझे भारतीय रुग्ण 'आम्ही या देशात नवे आहोत, आम्हाला पॉयझन आयव्ही कशी लागेल' असे विचारतात, तेव्हा लहानपणी आंब्याच्या चिकाने तोंड उतले होते का, बिब्बा उतला होता का, हे मी मुद्दाम विचारतो. उत्तर होकारार्थी असेल तर इथल्या पहिल्याच संपर्कातही पुरळ लवकर आणि जोरात उठण्याची शक्यता धरून चालावे. उलट दिशेनेही हे घडते. पॉयझन आयव्ही लागून गेलेल्या माणसाने आंबा सालीसकट चोखला तर ओठांभोवती चट्टे उठू शकतात. दुसऱ्याने सोलून दिलेल्या फोडी बहुतेकांना चालतात.

परसदार (मध्य न्यू जर्सी)

डॉक्टरसाहेब, आपण हे लिहिले आणि मला एकदम उलगडा झाला. मी सात-आठ वर्षांचा असताना आजोळी बिब्बे फोडणाऱ्यांच्या मध्ये जाऊन बसलो होतो आणि दोन्ही तळहात उतले होते. आजीने आठवडाभर खोबरेल लावले होते. पूर्वीचा संपर्क मी न्यू जर्सीत शोधत होतो, तो असा अंगणातच सापडला.

दोरावरचा माणूस (पेनसिल्व्हेनिया)

मी गेली अकरा वर्षे झाडांवर चढून छाटणीचे काम करतो. आमच्या धंद्यात पॉयझन आयव्हीचा सर्वाधिक त्रास मी डिसेंबर ते मार्च या काळात पाहिला आहे. उन्हाळ्यात पाने दिसतात, म्हणून माणूस आपोआप जपतो.

कातडी हातमोजे तेल शोषून घेतात आणि ते पुन्हा नीट स्वच्छ होत नाहीत. ज्या जोडीने वेल धरली ती जोडी फेकून द्यावी. लॅटेक्सचे पातळ हातमोजे निरुपयोगी आहेत, कारण उरुशिऑल लॅटेक्समधून आरपार जाते. जाड व्हिनाइलचे लांब हातमोजे घालावेत आणि त्यांची कड बाहीवर ओढून चिकटपट्टीने बंद करावी. परसदारांच्या मनगटावरची ती दोन बोटांची पट्टी मी माझ्या सोबत्यांच्या हातांवर इतक्या वेळा पाहिली आहे की आता चिकटपट्टी लावल्याशिवाय मी कोणाला वर चढूच देत नाही.

वेलीवर चेनसॉ चालवायची नाही, हा माझा दुसरा नियम आहे. साखळीच्या वेगाने ओला भुसा चेहऱ्यावर, गॉगलच्या कडेने आत आणि मानेत जातो. वेल आधी हातकरवतीने किंवा लांब दांड्याच्या कात्रीने बुंध्यापासून वेगळी करावी आणि मगच बुंध्याला चेनसॉ लावावी. फांद्यांचा भुगा करणाऱ्या चिपर यंत्रात तर वेल कधीच घालू नये. तो भुगा पुढे कोणीतरी फुलझाडांच्या वाफ्यात हाताने पसरतो.

काम झाल्यावर पाती, साखळी, मुठी आणि कात्री वापरून टाकायचे हातमोजे घालून स्पिरिटने किंवा साबणाच्या भरपूर पाण्याने धुवावीत. दोर आणि हार्नेस धुताना उत्पादकाने सांगितलेलीच पद्धत वापरावी, कारण भलत्या रसायनाने दोराची ताकद जाते. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नयेत. गरम पाण्यात वेगळे धुवावेत. यात जाकीटही आले.

झाड वाचवायचे असेल आणि फक्त वेल मारायची असेल तर ती ओढू नका. कमरेच्या उंचीवर एक काप आणि जमिनीलगत दुसरा काप देऊन मधला तुकडा काढून टाका, वरची वेल आहे तिथेच वाळू द्या. बुंध्याशी उरलेल्या ताज्या खुंटावर लगेच तणनाशक लावले नाही तर वसंतात ती पुन्हा फुटते. लेबलावर दिलेली मात्रा आणि तापमानाची अट पाळा. वर वाळत असलेली वेल मेली तरी पुढची काही वर्षे विषारीच आहे, हे त्या झाडावर पुढे चढणाऱ्याला सांगणे तुमचे काम आहे. गिऱ्हाईक आम्हाला वीजतारा दाखवते, सेप्टिक टाकी दाखवते, पण वेलीबद्दल शंभरात एखादाच बोलतो.

मेपलखाली (ओहायो)

आम्ही हिवाळ्यात शेकोटी पेटवतो आणि मागच्या वर्षी तोडलेल्या झाडाचे ओंडके तिच्यासाठीच रचून ठेवले आहेत. वर्षभरात लाकूड चांगले वाळले आहे. आता ते जाळायला हरकत नसावी ना?

दोरावरचा माणूस (पेनसिल्व्हेनिया)

हरकत आहे, आणि ती फार मोठी आहे. वाळल्याने लाकडातले पाणी जाते, उरुशिऑल जात नाही. ते धुरातल्या कणांवर बसून हवेत पसरते आणि श्वासावाटे घशात, फुप्फुसांत जाते. त्वचेवर जे फोड येतात तसा दाह श्वासनलिकेत झाला तर माणसाला रुग्णालयात ठेवण्याची वेळ येते आणि जीवही जाऊ शकतो. एकेक ओंडका उजेडात फिरवून पाहा. वेल ओढून काढली असली तरी सालीच्या भेगांत त्या केसाळ मुळ्यांचे तुकडे आणि शिडीसारखा एक काळपट पट्टा राहतो. असा पट्टा दिसलेला ओंडका घरात आणू नका, अंगणातही जाळू नका. आपल्या गावाच्या कचरा विभागाला विचारून त्याची विल्हेवाट लावा.

सह्याद्री ते सिएरा (उत्तर कॅलिफोर्निया)

पश्चिम किनाऱ्यावरच्या मंडळींसाठी थोडी भर घालते. आमच्याकडे पॉयझन ओक आहे आणि त्याचीही पाने हिवाळ्यात झडतात. कधी तो ओकवर वेलीसारखा चढतो, पण बरेचदा झुडुपासारखा उभा असतो आणि मग नुसत्या करड्या काटक्यांचा भारा दिसतो. वणव्याच्या मोसमाआधी घराभोवतालचे रान साफ करायचे काम बहुतेक लोक हिवाळ्याच्या शेवटी करतात, तेव्हा या काटक्या उघड्या हाताने गोळा केल्या जातात. आमच्या कुत्र्याच्या केसांना लागलेले तेल माझ्या मुलीच्या गालाला लागले होते, हेही नोंदवून ठेवते. कुत्र्याला स्वतःला काहीच झाले नव्हते.

परसदार (मध्य न्यू जर्सी)

सर्वांचे मनापासून आभार. कालच्या रविवारी केलेले काम लिहून ठेवतो. उरलेली दोन ॲश मी स्वतः पाडणार नाही. वाळलेले ॲश ठिसूळ होते आणि ते केव्हा कुठून मोडेल याचा नेम नसतो, त्यामुळे ते माहीतगार माणसांकडेच दिले आहे. त्यांना फोनवर पहिले वाक्य वेलीबद्दलचे सांगितले आणि दोन्ही बुंध्यांना डोळ्यांच्या उंचीवर लाल फीत बांधली. पहिल्या झाडाचे ओंडके रस्त्याकडेला 'फुकट सरपण' म्हणून ठेवणार होतो, तो विचार सोडून दिला. जाकीट दोनदा वेगळे धुतले, हातमोजे पिशवीत बांधून कचऱ्यात टाकले, खुंटी आणि दाराची मूठ साबणाने घासली.

कुंपणापाशी एक ओक आहे, तो मात्र धडधाकट आहे आणि त्याच्यावरही अंगठ्याएवढी वेल चढलेली निघाली. व्हिनाइलचे हातमोजे, चिकटपट्टी आणि शेजारी कोमट पाण्याचा कॅन अशा तयारीने, तापमान लेबलावरच्या अटीत बसत असल्याचे पाहून, हातकरवतीने तिचा हातभर तुकडा कापून काढला आणि खालच्या खुंटाला लगेच औषध लावले. कापले तेव्हा वरच्या तोंडाचा रंग फिकट पिवळसर होता. आज सकाळी जाऊन पाहिले, तर धोबी पूर्वी कपड्यावर घालायचे त्या बिब्ब्याच्या खुणेसारखा तो काळाभोर झाला होता.